यंत्रांची निजानीज

जुन्या वाड्यांतून ज्यांचे बालपण गेले असेल, त्यांना रात्रीची निजानीज कशी होत असे हे आठवत असेल. प्रथम मुले निजत. मग त्यांच्या आया हातातली कामे उरकून आडव्या होत. सर्वांच्या शेवटी घरातली वडीलधारी बाई कंदील घेऊन घरभर एक फेरी मारी. चूल विझली की नाही, मागल्या दाराची कडी लागली की नाही, कोणी घरी यावयाचे राहिले आहे काय, हे पाही, आणि मग कंदिलाची वात बारीक करून स्वतः निजे. वात ती बारीक करी, विझवीत नसे. पहाटे हाच क्रम उलटा होई. सर्वांआधी ती उठे, चूल पेटवी, पाणी तापत ठेवी, आणि मगच बाकीची माणसे एकेक करून जागी होत.

आज ज्या विषयावर मी आपणांशी बोलणार आहे, त्याचे अर्धेअधिक मर्म या निजानिजेत आहे. विषय आहे यंत्रांच्या झोपेचा. आपल्या खिशातला मोबाइल, भिंतीवरचा नवा वीजमीटर, वाण्याच्या गल्ल्यावर ‘पैसे मिळाले’ अशी हाक देणारी ती लहानशी पेटी, ही सारी बाहेरून निरनिराळी दिसली तरी प्रत्येकीच्या पोटात एक संगणक दडलेला असतो. संगणक म्हटला की त्याचा कारभार पाहणारी एक प्रणाली आली, आणि त्या प्रणालीच्या अगदी आत असतो तिचा गाभा. तंत्रज्ञ त्यास ‘कर्नेल’ म्हणतात. कोणत्या कामास केव्हा वेळ द्यावयाचा, कोणत्या उपकरणास केव्हा चालवावयाचे, हे सर्व हा गाभा ठरवितो. हेलसिंकी येथे शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली असा एक गाभा लिहून जगास खुला केला. त्याचे नाव लिनक्स. आज अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्रत्येक मोबाइलच्या मुळाशी हाच गाभा आहे, आणि इतर असंख्य लहान यंत्रांतही आहे. त्याच्या अनेक विभागांपैकी एका विभागाकडे फक्त एवढेच काम असते: यंत्राने वीज कशी वाचवावी, म्हणजेच केव्हा, कसे आणि किती गाढ निजावे.

यंत्र निजते हा शब्दप्रयोग मी केवळ अलंकार म्हणून करीत नाही. गाढ निद्रेत यंत्राचा प्रोसेसर थांबतो, पडदा मालवतो, बहुतेक उपकरणांची वीज तोडली जाते. स्मृती मात्र पूर्णपणे बंद करता येत नाही. तिच्यातली प्रत्येक नोंद म्हणजे एक अतिसूक्ष्म विद्युत्संचय असतो, आणि फुटक्या घागरीतल्या पाण्याप्रमाणे तो सतत गळत असतो. म्हणून साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. यंत्र निजले तरी स्मृती हे भरण स्वतःच्या स्वतः चालू ठेवते. म्हणूनच जागे होताच यंत्रास आपण कोण, कोठे होतो आणि काय करीत होतो, हे सारे आठवते. वाड्यातल्या बाईने बारीक करून ठेवलेली वात ती हीच.

आता या निद्रेचे मोल किती, ते एका हिशेबाने पाहू. काही वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाची नोंद ठेवणाऱ्या एका लहान यंत्राचे काम मी केले होते. त्या यंत्रात दोन खणांची एक लहानशी डोलणारी पळी असते. एक खण पावसाच्या पाण्याने भरला की पळी झुकते, पाणी सांडते, दुसरा खण नळीखाली येतो. आणि दर वेळी झुकताना ती एक विद्युत् इशारा देते. इशारे मोजले की पाऊस मोजला गेला. समजा, अशा यंत्रात ३००० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी आहे आणि जागेपणी ते १५० मिलिॲम्पिअर वीज घेते. ते अखंड जागे राहिले तर २० तासांत बॅटरी संपेल. परंतु सरासरीने दर दहा मिनिटांत ते दोनच सेकंद जागे राहिले, आणि उरलेला वेळ अर्ध्या मिलिॲम्पिअरवर निजून राहिले, तर सरासरी खर्च एक मिलिॲम्पिअरवर येतो, आणि तीच बॅटरी ३००० तास, म्हणजे १२५ दिवस पुरते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे दिवस होतात १२२. एका अहोरात्रीत मान टाकणारे यंत्र आणि सबंध पावसाळा तगणारे यंत्र, यांत तारांचा किंवा धातूचा काडीमात्र फरक नाही. फरक आहे तो निजण्याच्या शिस्तीचा, आणि ती शिस्त गाभ्यातल्या काही हजार ओळींच्या लिखाणात असते.

ही शिस्त एका दिवसात आली नाही. पूर्वी गाभ्याचा कारभार ठरावीक ठोक्यांवर चाले. सेकंदाला कोठे १००, कोठे १००० ठोके पडत, आणि प्रत्येक ठोक्याला प्रोसेसरने उठून काही काम आले आहे काय हे पाहावयाचे, असा रिवाज होता. काम असो वा नसो, उठणे चुकत नसे. रात्री गस्त घालणाऱ्या गुरख्याने घटकेघटकेला आपले दार ठोठावून ‘आपण स्वस्थ निजला आहात ना?’ असे विचारावे, तसाच हा प्रकार. २००७ साली लिनक्सच्या मुख्य आवृत्तीत हा रिवाज मोडण्याची सोय झाली. हाती काम नसेल तर ठोके थांबवावयाचे, पुढचा गजर केव्हाचा आहे तेवढे पाहून ठेवावयाचे, आणि तोवर सलग निजावयाचे. आज ही गोष्ट इतकी उघड वाटते की ती सुचावयास इतकी वर्षे का लागावीत, असा प्रश्न पडतो. पण ज्या ठोक्यांवर सारा संसार उभा आहे, ते ठोके थांबविणे सोपे नसते. कालमापन, कामांची वाटणी, गजर, सारेच त्यांना बांधलेले होते, आणि ती प्रत्येक गाठ सोडवून नव्याने बांधावी लागली.

सलग निजावयास मिळाले, तरी निजावयाचे किती गाढ, हा पुढचा प्रश्न उरतोच. रेल्वेच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाकडे पाहावे. गाडीस पाच मिनिटे असतील तर तो बाकावर बसल्याबसल्या डोळे मिटतो. अर्धा तास असेल तर जोडे काढून पाय वर घेतो. गाडी चार तास उशिरा येणार असेल, तरच तो वळकटी सोडून अंथरूण घालतो. कारण वळकटी सोडण्यास आणि पुन्हा बांधण्यास श्रम पडतात. झोप त्या श्रमांहून मोठी नसेल तर वळकटी न सोडणेच शहाणपणाचे. प्रोसेसरलाही अशा कमीअधिक गाढ अवस्था असतात. जितकी अवस्था गाढ, तितकी वीज कमी. पण तितकाच आत जाण्याचा आणि बाहेर येण्याचा खर्च जास्त. म्हणून गाभ्यातला एक भाग पुढच्या गजराची वेळ आणि नुकताच आलेला अनुभव यांवरून आता किती वेळ मोकळा मिळेल याचा अंदाज बांधतो, आणि त्या बेताची झोप निवडतो. अंदाज चुकला तर वीज वाचण्याऐवजी वाया जाते.

वीज वाचविण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे सावकाश काम करणे. वेग उतरविला की प्रोसेसरला पुरवावयाचा विद्युत्दाबही उतरविता येतो, आणि खर्च होणारी ऊर्जा या दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. दाब एक दशांशाने कमी केला तर त्याच कामास लागणारी ऊर्जा जवळजवळ एक पंचमांशाने वाचते. परंतु काम लांबले की तेवढा वेळ यंत्राचे बाकीचे भागही जागे ठेवावे लागतात. एकट्याची काटकसर कधी कधी सबंध घरास महाग पडते. म्हणून झटपट काम उरकून निजणे बरे की संथपणे करीत राहणे बरे, याचे एकच उत्तर सर्व यंत्रांना लागू पडत नाही.

आता पुन्हा वाड्याकडे वळू. यंत्रातील उपकरणांचेही एक कुटुंबच असते, आणि गंमत अशी की तंत्रज्ञही त्यांच्याविषयी बोलताना ‘जनक’ आणि ‘अपत्य’ हेच शब्द वापरतात. पावसाची पळी एका वाहिनीस जोडलेली असते, ती वाहिनी एका नियंत्रकास, तो नियंत्रक मुख्य मार्गास. जनक निजला तर अपत्यापर्यंत वीजही पोचत नाही आणि संदेशही. म्हणून गाभा निजताना अपत्यांना आधी निजवितो, जनकांना मागाहून. उठताना जनक आधी, अपत्ये नंतर. २००९ साली लिनक्समध्ये अशी सोय झाली की सबंध यंत्र जागे असतानाही ज्याचे काम नाही त्या एकेका उपकरणाने आपापल्या जागी निजावे. त्यासाठी प्रत्येक उपकरणाच्या नावे एक आकडा ठेवलेला असतो. ज्यास ते उपकरण हवे त्याने आकडा एकाने वाढवावा, काम झाले की एकाने उतरवावा. आकडा शून्यावर आला की उपकरणास निजण्याची मोकळीक. घेतले तेवढे परत करावे, हा व्यवहारातला नियमच येथे गणिताच्या रूपाने आला आहे. आणि व्यवहारात जसे होते, तसे येथेही होते: घेणाऱ्यास परत करण्याचा विसर पडतो.

इथवरचे सारे प्रश्न अंदाजाचे आणि हिशेबाचे झाले. सर्वांत अवघड प्रश्न वेगळाच आहे. सबंध यंत्राने निजण्याची तयारी चालविली आहे, एकेक उपकरण निजत आहे, आणि नेमक्या त्या क्षणी बाहेरून हाक आली, तर? माझ्या यंत्राची पळी त्याच क्षणी झुकली, तर? निजण्यापूर्वी आलेली हाक जागे असलेल्यास ऐकू येते. निजल्यानंतर आलेली हाक त्यास उठविते. परंतु निजता निजता आलेल्या हाकेचे काय? तिची दखल घ्यावयास जो उठावयाचा, तो प्रोग्राम आधीच स्थगित झालेला असतो. यंत्र निजते, आणि हाक तशीच पडून राहते. ती हाक पावसाच्या एका थेंबाची असेल तर फारसे बिघडत नाही. ती दूरगावाहून आलेल्या आजारपणाच्या निरोपाची असेल, तर बिघडते.

अँड्रॉइडवर चालणारा पहिला मोबाइल २००८ साली बाजारात आला, तेव्हा गूगलच्या अभियंत्यांनी या प्रश्नास एक रोखठोक उत्तर दिले होते. यंत्राची स्वाभाविक अवस्था निद्रा हीच मानावयाची. ज्या कोणास यंत्र जागे हवे असेल त्याने तशी कडी घालून ठेवावी. तिचे नाव ‘वेकलॉक’. एक जरी कडी घातलेली असेल तरी यंत्र निजणार नाही. शेवटची कडी निघाली की तत्काळ निजेल. हाक येताच ती ऐकणाऱ्याने प्रथम कडी घालावी, मग काम करावे, आणि काम संपल्यावर कडी काढावी. मधल्या क्षणात हाक हरवण्याचा संभव उरला नाही.

२००९ साली हे लिखाण लिनक्सच्या जाणकारांपुढे मुख्य गाभ्यात घेण्यासाठी आले, आणि मोठा वाद उभा राहिला. एका पक्षाचे म्हणणे असे की ज्या मोबाइलवर कोणीही लिहिलेला प्रोग्राम चालू शकतो, तेथे प्रत्येकाच्या शहाणपणावर विसंबता येणार नाही. बेशिस्तांसकट सर्वांना निजविण्याचा अधिकार यंत्राकडे हवा. दुसरा पक्ष म्हणे की सर्वांना सरसकट निजविणे हा खरा उपाय नव्हे. प्रोसेसरची रिकामपणाची झोपच इतकी सुधारावी की सक्तीच्या निद्रेची गरज पडू नये, आणि बेशिस्त प्रोग्राम शोधून तेच दुरुस्त करावेत. शिवाय या कड्या गाभ्यातल्या असंख्य ठिकाणी घालावयाच्या म्हणजे सारे लिखाण त्यांनी गुंतून जावयाचे. श्रोतेहो, दोन्ही पक्षांत जाणते लोक होते, आणि वाद केवळ तंत्राचा नव्हता. बेजबाबदार माणसाशी कसे वागावे, हा जो प्रश्न प्रत्येक समाजापुढे असतो, तोच येथे यंत्राच्या भाषेत उभा राहिला होता.

यातून जी वाट निघाली तिचे श्रेय मुख्यतः राफाएल विसॉत्स्की या पोलिश तंत्रज्ञास जाते. २०१० साली त्यांनी सुचविलेली युक्ती अशी. गाभ्याने बाहेरून आलेल्या हाकांचा एक चढता क्रमांक ठेवावा. निजण्याचा विचार करणाऱ्याने प्रथम तो क्रमांक वाचून घ्यावा. मग आपली सारी आवराआवर करावी, आणि निजण्यापूर्वी तोच क्रमांक गाभ्यास परत सांगावा. दरम्यान एकही हाक आली असेल तर क्रमांक पुढे गेलेला असेल, दोन आकडे जुळणार नाहीत, आणि गाभा निजावयास नकार देईल. आकडे जुळले, आणि त्यानंतर हाक आली, तर अर्ध्यावर आलेली निजानीज मोडून सर्वांना उठविले जाईल. कंदील बारीक करण्यापूर्वी ‘घरात कितीजण आले होते, आणि आता किती आहेत?’ असे विचारणाऱ्या बाईचीच ही सावधगिरी. पुढे २०१२ साली, याच पायावर, कड्यांप्रमाणे वागणारी आणि शेवटची कडी निघताच यंत्रास आपोआप निजविणारी सोयही मुख्य गाभ्यात आली, आणि तीन वर्षांच्या वादास मान्य होण्याजोगे रूप मिळाले.

या कडीशी माझा स्वतःचा संबंध कसा आला, तो आता सांगतो. घाटमाथ्यावरच्या त्या यंत्राचा वरचा प्रोग्राम मी लिहिला होता. पळी झुकली की यंत्र जागे होई, माझा प्रोग्राम कडी घाली, नोंद करी, काही नोंदी साठल्या की मोबाइलच्या जाळ्यावरून त्या पाठवी, आणि कडी काढी. घरी मेजावर त्याची परीक्षा कित्येक दिवस घेतली. वीज हिशेबाप्रमाणे लागत होती. जूनमध्ये यंत्र वर नेऊन बसविले, आणि काही आठवडे ते इमानाने चालले. मग जुलैमधल्या एका रात्री त्याच्याकडून येणाऱ्या नोंदी थांबल्या. पाऊस उघडल्यावर वर जाऊन पाहिले, तो बॅटरी निःशेष झालेली. चुकीचा माग काढताना जे दिसले, ते आजही मला विसरता येत नाही. पावसाच्या जोराने त्या भागातला मोबाइलचा मनोरा बंद पडला होता. नोंद पाठविण्याचा प्रयत्न फसला, आणि प्रयत्न फसल्यावर प्रोग्रामने ज्या वाटेने बाहेर पडावयाचे, त्या वाटेवर कडी काढावयास मी विसरलो होतो. यशाच्या वाटेवर कडी निघत होती. अपयशाच्या वाटेवर ती तशीच राहिली. यंत्र निजलेच नाही. २० तासांत बॅटरी संपली. त्यानंतरच्या रात्री त्या मोसमातला सर्वांत मोठा पाऊस झाला, असे खालच्या गावचे लोक सांगतात. त्या पावसाची नोंद माझ्या वहीत नाही. ज्या रात्रीसाठी ते यंत्र तेथे नेले, नेमकी तीच रात्र कोरी राहिली.

चूक एका ओळीची होती, आणि ती माझीच होती. पुढे मला कळले की अशा चुकीत मी एकटा नाही. उपकरणांच्या त्या आकड्यांविषयी मी मघाशी सांगितले. उपकरणास उठविण्याचा प्रयत्न फसला तरी आकडा मात्र वाढलेलाच राहतो, आणि तो पुन्हा उतरविला पाहिजे, ही गोष्ट गाभ्याचे ड्रायव्हर लिहिणारे मुरलेले तंत्रज्ञही वारंवार विसरत. शेवटी २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेल्या आवृत्तीत, प्रयत्न फसल्यास आकडा आपोआप उतरविणारी एक वेगळी सोयच करून द्यावी लागली. माणूस विसरणार हे गृहीत धरून केलेली ही व्यवस्था मला उपदेशाहून अधिक मोलाची वाटते.

निजताना एक कान जागा ठेवावा, हे तत्त्व केवळ खिशातल्या यंत्रांचे नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये चंद्रावर रात्र पडण्यापूर्वी आपल्या शास्त्रज्ञांनी प्रज्ञान गाडीस आणि विक्रम यानास निजविले, हे आपणांस स्मरत असेल. विक्रमची उपकरणे बंद केली होती. संदेश ऐकणारी यंत्रणा तेवढी चालू ठेवली होती. पुढच्या चांद्रप्रभाती, २२ सप्टेंबरच्या सुमारास, त्यांना हाका मारल्या गेल्या. परंतु त्या कडाक्याच्या थंडीनंतर उत्तर आले नाही. ठरलेले काम त्यांनी आधीच पुरे केले होते, म्हणून त्या मौनाचे दुःख कोणी फार केले नाही. तरीही देशभर लोक त्या हाकांकडे कान लावून बसले होते. कोणास निजविणे हे काम सोपे आहे. तो पुन्हा उठेल अशी तजवीज करून निजविणे अवघड आहे.

आज रात्री आपण मोबाइल उशाशी ठेवाल, पडदा मालवेल, आणि यंत्र निपचित पडलेले दिसेल. त्या वेळी त्याच्या आत अपत्ये निजली असतील, जनक निजले असतील, स्मृतीची वात बारीक तेवत असेल, आणि मध्यरात्री कोणाची हाक आलीच तर ती हरवू नये म्हणून आलेल्या हाकांचा क्रमांक कोठेतरी जपून ठेवलेला असेल. सकाळी बॅटरी उरलेली दिसली, तर निजण्यापूर्वी प्रत्येकाने आपापली कडी आठवणीने काढली, एवढाच त्याचा अर्थ.